उंच फांदीवरची ठकी

झाडंझुडपं बोलायची तेव्हाची गोष्ट. बोरीखाली सातभाई पाखरांचा थवा चरायचा. एक पाखरू वर राखणीला बसून, सगळं ठीक आहे हे कळावं म्हणून "हाय गं, हाय" ओरडत राहायचं.

ठकीची पाळी होती. खाली कुणीच मान वर करत नाही हे बघून तिला वाटलं, 'माझी कुणाला पडलीय? ससाण्यानं नेलं तरी कळायचं नाही. निघूनच जाते.' ती ओरडायची थांबली.

तशा खाली साऱ्या चोची थांबल्या. किडे टाकून सगळी भुर्रकन वर आली. "ठके, काय झालं गं?"

"तुम्ही ऐकत होता?"

"येडे, तुझं ऐकतो म्हणून तर मान खाली घालून खातो!" म्हातारी साळू म्हणाली. "जा, आता मी बसते."

ठकी उतरली. वरून साळूचा आवाज येत राहिला, आणि मान वर न करता ठकी पोटभर जेवली.