अर्ध्यातून तिसरा हिस्सा

फार फार वर्षांपूर्वी, उन्हाने तापणाऱ्या एका डोंगरावर दोन वाड्या होत्या. दोन्हींना मिळून खडकात खोदलेलं एकच टाकं. तोंड इतकं अरुंद, की आत नुसता अंधार दिसे. उन्हाळ्यात या पाण्याची वाटणी शाळेतल्या मुलांनी करायची आणि त्यांच्या हिशेबावर कोणी शंका घ्यायची नाही, असा तिथला रिवाज होता.

याचा गुरुजींना भारी अभिमान. अपूर्णांकांची वजाबाकी त्यांनी मुलांकडून अशी घोटून घेतली होती, की झोपेतून उठवलं तरी मुलं म्हणत, "वरच्या आकड्यातून वरचा आकडा वजा करा."

एका वर्षी टाकं अर्धंच भरलं. टाक्याचा एक तृतीयांश भाग वरच्या वाडीने नेला. उरलेलं पाणी खालच्या कुंभारवाडीचं. मुलांनी पाटीवर एक द्वितीयांशातून एक तृतीयांश वजा, असं गणित मांडलं. एकातून एक गेला, शून्य उरलं. टाक्यावर शिळा बसली आणि कुंभारवाडीच्या घागरी रित्या परतल्या.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी कुंभारीण शाळेत आली. मुलांनी हिशेब चार वेळा तपासलाय, असं गुरुजींनी तिला जरा तोऱ्यातच सांगितलं. म्हातारी भांडली नाही. तिने त्यांना आणि मुलांना टाक्यापाशी नेलं, शिळा सरकवायला लावली आणि आत खडा टाकला. डुबुक आवाज आला.

गुरुजींचा चेहरा उतरला. असं कसं झालं, ते मुलांना विचारू लागले. शेवटी एक मुलगी म्हणाली, "खालचे आकडे वेगळे असले तर काय करायचं, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. मागे मी विचारलं, तेव्हा तुम्ही छडी मारलीत, गुरुजी."

गुरुजींना ते आठवलं आणि फार लाज वाटली. त्यांनी एक बांबू घेऊन त्यावर खुणांनी सहा सारखे भाग पाडले. "अर्धं म्हणजे यातले तीन. तिसरा हिस्सा म्हणजे दोन. भाग सारखे केल्याशिवाय वजाबाकी करायची नसते. आता सांगा, किती उरले?"

"एक," मुलं हळूच म्हणाली.

तो सहावा हिस्सा गुरुजींनी स्वतः घागरी वाहून कुंभारवाडीत पोचवला. पण चार घरं आदल्याच दिवशी तहानेपायी डोंगर उतरून गेली होती. मागे राहिलेल्या त्यांच्या मडकी घडवायच्या चाकांवरची माती वाळून भेगाळली होती. ती माणसं पुन्हा कधी परतली नाहीत.

पुढे आयुष्यभर ही वजाबाकी शिकवण्याआधी गुरुजी मुलांना त्या चार घरांबद्दल सांगत, आणि मग कोणाला काही विचारायचं आहे का, म्हणून थांबत.

तात्पर्य : शिष्याला शंका विचारायची भीती वाटली, की गुरूची चूक साऱ्या गावाला भोवते.