शालनबाईंचा अश्रू

“पण आण्णा, बातमी मेकअपच्या आधी दिली होती, की मेकअप झाल्यावर?”

परागनं पुन्हा तेच विचारलं. आण्णासाहेब इंगवले गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आण्णांनी दिग्दर्शित केलेल्या त्या गाजलेल्या चित्रपटाला यंदा पन्नास वर्षं झाली होती. त्यामुळे कोल्हापुरातल्या त्यांच्या घरी पडद्यामागच्या गोष्टी गोळा करणाऱ्यांची रीघ लागली होती. बैल कुठला होता? नायक खरंच विहिरीत पडला होता का? म्हाताऱ्याला दुपारचं धड झोपूही देत नव्हते. चित्रपट संपला की लोकांना गपगुमान घरी का जाववत नाही, देव जाणे.

पराग हुपरीकर मात्र नुसत्या गोष्टीसाठी आला नव्हता. तो आण्णांचाच शिष्य. त्यांच्या हाताखाली शिकला, मुंबईला गेला, तिथं त्याचे दोन चित्रपट धो धो चालले, आणि मग तो आण्णांसमोर पायावर पाय टाकून बसायला लागला. उद्या त्याच्या तिसऱ्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग व्हायचा होता. त्यात नायिकेनं रडायचं होतं, आणि तालमीत काही केल्या तिला रडू येत नव्हतं.

“ग्लिसरीन घाल की,” आण्णा डोळे न उघडता म्हणाले.

“ते खोटं दिसतं. मला तुमच्या चित्रपटातल्या शालनबाईंसारखा अश्रू पाहिजे. एकच. गालावर येऊन थांबलेला.”

“हं...”

“तुम्ही त्यांना सेटवर सांगितलंत, की तुमचा भाऊ गेला. साफ खोटं. आणि कॅमेरा सुरू केलात. सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे ते. मीसुद्धा तेच करणार आहे.”

आता आण्णांनी डोळे उघडले.

“काय करणार हायस?”

“तिचे वडील सांगलीला दवाखान्यात आहेत. ऑपरेशन झालंय, बरे आहेत. उद्या आमचे मॅनेजर तिला सेटवर सांगतील, की दवाखान्यातून फोन आला होता... वडील गेले. शॉट झाला की लगेच खरं सांगून टाकू. पेढे वाटू.”

पेढे म्हणे! दोन चित्रपट चालले की माणसाच्या डोक्यात काय काय चालायला लागतं.

“तुला हे भावाचं कुणी सांगितलं?” आण्णांनी विचारलं.

“कुणी म्हणजे? तुम्हीच! दिवाळी अंकात मुलाखत आहे तुमची.”

“आणि टीव्हीवर काय सांगितलं हुतं मी?”

“टीव्हीवर...” पराग अडखळला. “पदराला कांदा चोळला होता म्हणालात.”

“आणि नगरपालिकेच्या सत्काराला?”

“सत्काराला म्हणालात, बाई ती भूमिका जगल्या.” पराग खुर्चीतून उठलाच. “आण्णा, कमाल करता राव तुम्ही! एक काय ते खरं सांगा ना. उद्या शूटिंग आहे माझं!”

“वैताग मला आलाय लेका, तू कशापायी वैतागायलास? फोन काढ. लाव तो प्रसंग.”

परागनं फोन काढला. प्रसंग लावला. दोघंही त्या इवल्याशा पडद्याकडे बघत राहिले.

चूल. चुलीपुढं बसून भाकरी थापणाऱ्या शालनबाई, पाठमोऱ्या. दारातून कुणीतरी सांगतो, तुमचा भाऊ आता यायचा नाही. बाईंचा थापता हात थांबतो. तव्यावरची भाकरी करपायला लागते. धूर होतो. बाईंची पाठ तशीच... आणि प्रसंग संपतो.

परागनं तो मागं नेऊन पुन्हा लावला.

पाठ. हात. धूर.

“हा कापलेला आहे,” पराग म्हणाला. “नेटवरचे चित्रपट असेच अर्धवट असतात. यानंतर तोंडाचा शॉट आहे. जवळून घेतलेला.”

“न्हाई.”

“आहे हो!”

“म्या घेतलाच न्हाई, तर येईल कुठनं?”

परागनं प्रसंग पुन्हा मागं नेला.

“बाईंच्या डोळ्याला रांजणवाडी आली हुती. डोळा हा असा सुजलेला. निर्माता म्हणतोय, आजच उरका, उद्या सेट मोडायचाय. मी कपाळाला हात लावला. बाईंना म्हटलं, तोंड तिकडं करून बसा, आणि थापा भाकरी. झालं पडद्यामागचं.”

“रांजणवाडी?”

“रांजणवाडी.”

“मग हे भाऊ, कांदा... हे सगळं कशाला सांगत बसलात?”

“पहिल्या पेपरवाल्याला रांजणवाडीच सांगितली हुती. तो म्हणाला, हे छापता येत न्हाई, दुसरं काहीतरी सांगा. मग दुसरं सांगितलं.” आण्णांचा आवाज चढला. “मला काय ठाऊक, माझ्याच हातचा शिकलेला येडा त्यापायी एखाद्या पोरीचा बाप मारायला निघंल!”

पराग खाली बसला. चूक पटली म्हणून नव्हे. त्याच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं, आणि ते त्याला छळत होतं.

“आण्णा, पण मी तो अश्रू बघितलाय. आईशप्पथ बघितलाय. हुपरीच्या जत्रेत, तंबूत. मी सहा-सात वर्षांचा असेन. आईच्या मांडीत बसलो होतो. गालावर येऊन थांबलेला... प्रोजेक्टरच्या उजेडात चमकत होता. तो बघूनच तर मी या धंद्यात आलो. आणि तुम्ही म्हणता, घेतलाच नाही!”

आण्णांनी घमेल्यातलं पाणी पायानं ढवळलं.

“सांगा ना! मग मी काय बघितलं?”

आण्णांनी घमेल्यातून पाय बाहेर काढले. धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसले.

“तुझ्या आईला भाऊ हुता?” त्यांनी विचारलं.

“होता. मी लहान असतानाच गेला तो...”

परागला तंबूतली ती मांडी आठवली, आणि मान वर करून बघितलेला आईचा गाल.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. मॅनेजरचा होता. परागनं उचलला. आवाज मोठा होता, आण्णांनाही ऐकू गेला.

“साहेब, सगळं ठरवलंय. बाईंना वडलांची ती बातमी किती वाजता द्यायची तेवढं सांगा. त्या आत्ताच विचारत होत्या, संध्याकाळी सांगलीला जाऊन येऊ का म्हणून. मी नाही म्हणालो.”

परागनं फोनवर तळहात दाबला. त्याचा चेहरा उतरला होता. पायावर पाय टाकून बसणारा पराग कुठंच दिसत नव्हता.

“आण्णा,” तो हळूच म्हणाला, “मग उद्या तिला रडवायचं तरी कसं?”

आण्णांनी पुन्हा कपाळाला हात लावला.

“तिला बापाला भेटून येऊ दे,” ते म्हणाले. “रडायचं काम तिचं न्हाई.”