मेण्याचं माप

सरदार तुळाजीरावांनी नव्या शिसवी मेण्यासाठी माप म्हणून गोंदा सुताराकडे आपला लग्नातला अंगरखा पाठवला. लग्नाला वीस वर्षं झाली होती. गोंदाला सरदारांचं आताचं पोट आठवलं. त्यानं अंगरख्याच्याच मापाचा मेणा आधी बांबूच्या कामट्या आणि कागदाचा केला.

"हा पोरखेळ कसला? थेट शिसवाला हात लाव!" सरदार चारचौघांत गरजले.

"लावतो सरकार. आधी यात बसून तर बघा."

सरदार तणतणत आत शिरले आणि दारातच अडकले.

गोंदानं कामट्या कापून त्यांना सोडवलं आणि हात जोडले, "कामट्या होत्या म्हणून चाकूवर भागलं. शिसवाला करवत लागेल, सरकार. ती मेण्यावर चालवायची की आपल्यावर, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."