जातो म्हणा

शेवरेबंदराला कीरांच्या माडीच्या गुत्त्यावर गेलात, तर उठताना "येतो" म्हणू नका. "जातो" म्हणा. एरवी हा शब्द अभद्र, निघणारा माणूस तो तोंडातून काढत नाही. इथे मात्र "येतो" म्हणणाऱ्याला पुन्हा बाकावर बसवतात आणि नीट निरोप घ्यायला लावतात. शहरातली पोरं हसतात. मालकीण शेवंतीकाकी गल्ल्यावरूनच म्हणते, "हसा हो. पण जातो म्हणून जा." आणि मग सांगू लागते.

हा गुत्ता तिच्या सासरच्या सखाराम कीराने घातला, असं सांगतात. एका वादळानंतर, दिवेलागणीला, समुद्राकडून एक अनोळखी तांडेल, होडीचा म्होरक्या, आला. अंगावरून पाणी निथळत होतं. कितीही वेळ बसला तरी कपडे सुकले नाहीत म्हणे. माडी पिऊन उठला आणि म्हणाला, "येतो." सखाराम सवयीने म्हणाला, "या."

दुसऱ्या दिवशी तो आपले खलाशी घेऊन आला. तेही तसेच ओले. मग रोजच येऊ लागले. मुकाट पीत, "येतो" म्हणत, आणि सखारामच्या तोंडून "या" निघून जाई. गावाने गुत्त्याची वाट सोडली. या गिऱ्हाइकांची पावलं वाळूत उमटत नाहीत, हे सखारामची बायको गोदा हिने पाहिलं होतं. ती नवऱ्याला विनवायची, पण दारातल्या माणसाला "या" न म्हणणं त्याला जमेना.

एका संध्याकाळी तांडेल उंबऱ्यात थांबला. "मालक, आम्हीच किती यायचं? उद्या तुम्ही या आमच्याकडे."

"येऊ की," सखाराम म्हणाला. आपण काय कबूल केलं, ते बोलून गेल्यावर त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी गोदाने त्याला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली आणि स्वतः वाढायला उभी राहिली. पेले रिकामे झाले तसा तांडेल उठला. "वहिनी, मालकांना हाक मारा. होडी लागलीय."

"ते येणार नाहीत."

"शब्द दिलाय त्यांनी."

आतून दार धडधडू लागलं. सखारामचेच हात ते ढकलत होते, आणि सखाराम रडत होता म्हणे.

गोदा दाराला पाठ लावून उभी राहिली. "आधी तुम्ही जातो म्हणा."

तांडेल हसला. "असं अभद्र कसं बोलू? घरी बायको वाट बघतेय."

"भाऊ, तुमची होडी त्या वादळात फुटली. तुम्ही कधीच गेलात."

तांडेल आपल्या हातांकडे बघत राहिला. "आम्हाला कोणी सांगितलंच नाही," तो हळू म्हणाला. मग म्हणाला, "जातो." एकेक खलाशी तेच म्हणत बाहेर पडला. दार शांत झालं.

अंगणातून तांडेलाने मागे वळून विचारलं, "आणि मालकांचा शब्द?"

"म्हातारे झाले की पाठवीन," गोदा म्हणाली.

तिने तो शब्द पाळला. सखाराम पार थकला तेव्हा एका संध्याकाळी पाणी अंगणापर्यंत चढलं. तो अंथरुणातून उठला, पैरण चढवली आणि दारात जाऊन म्हणाला, "येतो गो."

इतकी वर्षं गिऱ्हाइकांना "जातो" म्हणायला लावणारी गोदा त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या."

आजही गुत्त्याच्या समुद्राकडच्या दाराला कडी घालत नाहीत, नुसतं लोटून घेतात. दिवेलागणीला ते उघडलं, की शेवंतीकाकी मान वर न करता एक पेला भरते. कोण आलंय, ते ती विचारत नाही.