पाहुण्यांची खुर्ची

भंडाऱ्याकडच्या बायजाबाई घोडमारे नवरा वारल्यावर एकट्याच मुंबई पाहायला आल्या. धर्मशाळेत उतरायचं, घरून आणलेल्या दशम्या खायच्या आणि पायीच फिरायचं, असा त्यांचा बेत होता.

तिसऱ्या दिवशी पाय भरून आले, म्हणून समुद्रासमोरच्या एका बड्या हॉटेलच्या व्हरांड्यात त्या वेताच्या खुर्चीवर टेकल्या. लगेच टायवाले मॅनेजर तरातरा आले.

"ओ बाई, उठा! पाटी वाचता येत नाही? ही जागा फक्त पाहुण्यांसाठी आहे."

बायजाबाईंनी पाटी सावकाश वाचली.

"म्हणूनच तं बसली, साहेब. या एवढ्या मोठ्या शहरात मले वळखणारा एक माणूस नाही. माह्याहून मोठा पाहुणा तुमाले कुठं भेटन?"

आजूबाजूचे लोक खळखळून हसले. शेवटी मॅनेजरांनी वेटरला बाईंसाठी चहा आणायला सांगितला आणि ते आत गेले.

बायजाबाई समुद्राकडे पाहत चहा प्यायल्या. साहेबाची कशी जिरवली, हे सांगावं म्हणून त्या हसत शेजारी वळल्या. शेजारची खुर्ची रिकामीच होती.