अ‍ॅम्पवर ठेवलेला हात

मिरजेत गाडीत साउंड बसवायचा म्हटलं की येसू वस्तादांचं नाव निघायचं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांच्याच दुकानात कामाला होतो.

एकदा एका गिऱ्हाइकाची नवी जीप आली. चार-चार ओहमचे दोन सबवूफर, म्हणजे दणका देणारे मोठे स्पीकर, एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर बसवायचे होते. वस्ताद म्हणाले, "पॅरलल जोड. छाती हादरली पाहिजे."

"वस्ताद, तसे दोनच ओहम होतात. ओहम कमी झाले की करंट जास्त ओढला जातो. या अ‍ॅम्पला चारच्या खाली झेपत नाही, तापून जळेल. सिरीज करू."

ते गिऱ्हाइकासकट सगळ्यांदेखत हसले. "आता तू मला शिकवणार?"

मला झोंबलं. सांगितलं तसं जोडलं, गाणं लावलं आणि म्हणालो, "गाणं संपेपर्यंत अ‍ॅम्पवर हात ठेवा. हात टिकला, तर तुमचं खरं."

दुसऱ्या कडव्याला त्यांनी चटकन हात काढला.

"तुम्ही हात काढून घेतलात, वस्ताद. अ‍ॅम्पला कुठं पळता येतंय?"

गिऱ्हाईक पोट धरून हसलं. वस्तादांनी तारा सोडल्या आणि स्वतः सिरीज केली. त्यानंतर त्यांनी मला कधी काही शिकवलं नाही.

अ‍ॅम्प वाचला. पण तळहातानं यंत्राचा ताप ओळखायला त्यांनीच मला शिकवलं होतं, पहिल्या दिवशी, माझा हात आपल्या हातात धरून.