उपरण्याच्या काळ्या गाठी

फार जुनी गोष्ट आहे, माळांना अजून कुंपणं नव्हती तेव्हाची. एका डोंगराच्या उतारावर वरचं आणि खालचं अशी दोन गावं होती आणि मध्ये हिरवंगार कुरण. कुरणावरून भांडण नको म्हणून दोन्ही गावं दरवर्षी जत्रेत चेंडूफळी खेळत. जिंकेल त्या गावाची गुरं वर्षभर कुरणात चरत. किती साधा न्याय होता! आता तसे न्याय राहिले नाहीत आणि तसे खेळही.

एकाने फळीने चेंडू टोलवायचा, समोरच्यांनी झेलायचा. चेंडू जमिनीवर पडला की टोलवणाऱ्याला गुण. वरच्या गावाचे दोन झेलकरी माळाच्या पार टोकाला उभे राहत. डावीकडे धुळोबा, उजवीकडे शिरपती.

शिरपतीचा झेल बघायला लोक आवर्जून उजवीकडे बसत. चेंडू जवळ आला की तो झेप घ्यायचा, कोलांटी खायचा आणि मातीतून हात वर काढायचा. मग काय, पागोटी हवेत! धुळोबा मात्र फळी हलताच पळत सुटायचा, चेंडू येण्याआधी त्याच्या खाली जाऊन उभा राहायचा आणि अलगद झेलायचा. चेंडूच आपणहून हातात आला, यात याचं काय कौतुक, असं लोकांना वाटे.

मग गावाला नवा पाटील मिळाला. मोठा काटेकोर माणूस. त्याने रिवाज घालून दिला की हाताला लागून चेंडू निसटला तर त्या खेळाडूच्या उपरण्याला काळ्या दोऱ्याची गाठ मारायची. ज्याच्या गाठी जास्त, तो पुढच्या वर्षी खेळाबाहेर.

त्या जत्रेत गाव जिंकलं. पण धुळोबाचं उपरणं गाठींनी भरलं आणि शिरपतीचं कोरं राहिलं.

"धुळोबा, वय झालं तुमचं. हातात पूर्वीचा जोर नाही," पाटील म्हणाला.

"पाटील, लांबचा चेंडू धावून गाठला की कधीतरी सुटतोच. गाठलाच नाही तर सुटणार कुठून?"

"शिरपतीच्या उपरण्याला एक तरी गाठ आहे का?"

धुळोबाने उपरण्याची घडी केली आणि तो घरी गेला. वर्षभर दुसऱ्यांची गुरं राखायची ती या एका दिवसाच्या आशेवर. तो दिवसच गेला. बिचाऱ्याला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

पुढच्या जत्रेत डावीकडे शिरपतीच्याच वळणाचा एक नवा गडी उभा राहिला. दोघांनी झेपा घेतल्या, कोलांट्या खाल्ल्या. कुणाच्याही उपरण्याला गाठ पडली नाही. आणि गाव सपशेल हरलं.

"कुणाचीच चूक नाही, मग हरलो कसे?" पाटलाला कळेना. माणसं पांगल्यावर तो एकटाच माळावर फिरू लागला. खेळाआधी पाणी शिंपून माळ सारखा केलेला असे, त्यामुळे चेंडू आदळला तिथे खळगा पडे. दोन्ही बाजूंना खळगेच खळगे होते, पण त्यांच्या आसपास कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं. धुळोबा असताना डावीकडची जमीन पावलांनी तुडवलेली असायची, हे पाटलाला तेव्हा आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तसाच धुळोबाकडे गेला आणि त्याच्या उपरण्याच्या गाठी सोडू लागला.

"राहू द्या पाटील," धुळोबा म्हणाला, "एवढ्या ठिकाणी मी जाऊन आलोय."

ते वर्ष गुरांनी वाळक्या उतारावर कसंबसं काढलं. पुन्हा जत्रा आली, पाटलाने गावाला त्या खळग्यांची गोष्ट सांगितली आणि धुळोबा डावीकडे उभा राहिला. एक चेंडू फारच लांब गेला. म्हातारा जिवाच्या आकांताने धावला, चेंडू बोटांना लागला आणि सुटला. पाटील काळा दोरा घेऊन पुढे आला, तर सगळ्या गावाने पागोटी उडवली! धुळोबा आ वासून बघत राहिला.

कुरण परत मिळालं. त्या दिवशी शिरपतीच्या उपरण्यालाही पहिली गाठ पडली आणि तो ती गावभर दाखवत फिरला.

तात्पर्य: ज्याची चूक दिसते तो निदान तिथवर धावलेला असतो, जो धावतच नाही, त्याची चूक कुणाला दिसत नाही.